एक माणूस एकदाच

क्रिसान्तो नावारेसकडे फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या त्या ऑफिसात कुणी कधी मदत मागितलीच नाही, असं म्हणता येणार नाही. पहिल्या वर्षी बऱ्याच जणांनी मागून पाहिली. मागणाऱ्याला तो शांतपणे विचारायचा, "मी मंगळवारी पाठवलेली सूचना वाचलीत का?" समोरचा नाही म्हणाला की तो म्हणायचा, "मग आधी ती वाचा." हो म्हणाला की म्हणायचा, "मग आता विचारताय कशाला?" या दोन उत्तरांमधून जिवंत बाहेर पडण्याची वाट कुणालाच सापडली नाही, आणि यथावकाश लोक यायचे बंद झाले. सान्तीनं त्याचा अर्थ असा लावला की आपण एकेकाला शहाणं करून सोडलं. त्याला सगळे सान्ती म्हणत. तोंडावर 'सर सान्ती'.

ऑफिसचं काम ऑस्ट्रेलियातल्या लोकांचे फोन घेण्याचं होतं. तिकडे कुणाचा पाणी तापवायचा बंब बिघडला, कुणाचं विमान चुकलं, कुणाचा विमा अडकला, की फोन इकडे वाजायचा. फोन घेणारी, त्यांच्यावर नजर ठेवणारी आणि त्या नजरेचा हिशेब ठेवणारी मिळून एकशे अठरा माणसं, सहा टीममध्ये वाटलेली. सान्ती फोन घेत नसे. फोनवर काय झालं त्याचे आकडे तो स्प्रेडशीटमध्ये बसवायचा आणि रंगीत करून वर पाठवायचा. वय सत्तेचाळीस. आजूबाजूची पोरं चोवीस-पंचवीसची. इथून बाहेर पडलो तर दुसरीकडे आपल्याला दारातही उभं करणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. त्याची बायको कुवेतमध्ये नर्स होती. तिला आणि तिच्या सहा भावंडांना त्यानं सांगून ठेवलं होतं की आपल्यावाचून हे ऑफिस एक आठवडा चालायचं नाही.

आपलं काम त्याला चोख येत होतं, हे मान्य केलं पाहिजे. एकदा बंबवाल्या टीमची प्रमुख जोनालिन हिनं भर मीटिंगमध्ये गावनिहाय तक्रारदारांचा तक्ता दाखवला. सान्तीनं एका गावावर बोट ठेवलं.

"इथे एक तक्रारदार दाखवलाय. कोण हा?"

"असेल कुणीतरी, सर. नाव बघून सांगते."

"सापडायचं नाही नाव. त्या गावातून तक्रारच नाही. गाळून काही उरलं नाही की आतला फॉर्म्युला चूक परत देतो, आणि बाहेरचा मोजणारा त्या चुकीलाच एक म्हणून मोजतो. तुम्ही रिकामी खुर्ची मोजलीत, जोनालिन. आणि खुर्चीला नाव विचारायला निघालात."

सगळे हसले. जोनालिन त्यानंतर दोन वर्षं त्याच्याशी बोलली नाही. हे त्याच्या लक्षातही आलं नाही, कारण त्याआधीही ती फारशी बोलत नव्हती.

मग मनिलाहून हुकूम आला.

ऑफिसच्या सर्वेसर्वा मॅम ओडेट. भिंतीवर 'आपण सारे एक कुटुंब' अशी फुलाफुलांची अक्षरं लावून घेणाऱ्या. त्यांनी सान्तीला काचेच्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि आवाज खाली आणला.

"कपात म्हणायचं नाही हं. कुटुंबाची नव्यानं आखणी."

"किती जण, मॅम?"

"अठरा-वीस. पण मी कुणाला बोट दाखवून काढणार नाही, सान्ती. माझ्यानं ते होत नाही. मी आईसारखी आहे." त्यांनी टेबलावरचा टिश्यू उचलला आणि न वापरता परत ठेवला. "डेटा काढेल. तो शुक्रवारचा फॉर्म आहे ना आपला?"

फॉर्म होता. गेले तीन महिने दर शुक्रवारी प्रत्येकानं तो भरला होता. त्यात दोनच रकाने: तुमचं नाव, आणि या आठवड्यात तुम्हाला मदत केलेल्यांची नावं. 'ओळखपत्रावरची नावं नकोत, हाक मारायची घरातली लिहा,' असं मॅमनीच वर लाल अक्षरात टाकलं होतं. नाताळच्या बक्षिसांसाठी असेल, अशा समजुतीनं लोक मन लावून भरत होते.

"एका माणसाचं नाव किती वेगवेगळ्या माणसांनी घेतलं, तेवढं काढा," मॅम म्हणाल्या. "पाचाच्या खाली जो असेल तो..." आणि त्यांनी बोटांनी पाखरू उडाल्याची खूण केली.

"वेगवेगळ्या. म्हणजे एकानंच बारा वेळा लिहिलं असलं तरी एकच धरायचा."

"अर्थात. नाहीतर लोक दर शुक्रवारी आपापल्या मैत्रिणीलाच लिहीत बसतात. एक माणूस एकदाच."

सान्तीनं त्या दुपारीच मोजणी लावली. रिकाम्या खुर्चीचा बंदोबस्त तर आधीच केला, नाव सापडलं नाही तर शून्य दाखवायचं. एकसष्ट माणसं पाचाच्या खाली निघाली. एवढ्यांना उडवलं तर फोन उचलायला खुद्द मॅम ओडेटच उरल्या असत्या.

कारण उघड होतं. तिथे ओळखपत्रावरचं नाव फक्त ओळखपत्रालाच माहीत असतं. रेनाल्दोला घरी जुन-जुन म्हणतात, टीममध्ये दोदोंग, आणि विमावाल्या पोरी काहीतरी तिसरंच म्हणतात जे ऐकून तो लाजतो. स्प्रेडशीटच्या लेखी ही तीन माणसं. तिघांना दोन-दोन मतं, आणि रेनाल्दो खलास. उपाय सोपा होता. एक नावांची यादी करायची, डावीकडे लाडकं नाव, उजवीकडे खरं, आणि ती दोन्ही रकान्यांना लावायची. मग रेनाल्दो तिन्ही नावांनी एकच होणार.

यादी करायला लोकांना विचारावं लागणार होतं. त्यामुळे सान्ती नावारेस आयुष्यात पहिल्यांदा आपली खुर्ची सोडून टीमा-टीमांमधून फिरला. एका मुलीनं चक्क त्याला बसायला जागा करून दिली. तिला वाटलं त्याच्या घरी काहीतरी वाईट झालंय.

बुधवारी संध्याकाळपर्यंत यादी होत आली. सहाच नावं राहिली होती. मानांग फेली, नानाय फे, तिया पिसिंग, मॉमी सितास, लोला चितांग, फेफे. ती त्यानं शेवटी ठेवली होती ती मुद्दाम. जसं ताटातलं आवडीचं शेवटी ठेवतात तसं. कारण त्याचं स्वतःचं नाव लिहिणाऱ्या या सहा बाया होत्या. प्रत्येकीनं दोनदा. सहा म्हणजे पाचाच्या वर. सहा बायकांना आपली कदर आहे, ही गोष्ट तो दोन दिवस मनातल्या मनात चघळत होता. मानांग म्हणजे थोरली ताई, नानाय म्हणजे आई, लोला म्हणजे आजी. वयानं मोठ्या बायकांना माणसाची पारख असते, असंही त्याला वाटून गेलं.

तो आधी बंबवाल्यांकडे गेला. जोनालिननं मान वर केली नाही.

"तुमच्यात तिया पिसिंग कोण?"

"ती काय." तिनं पेन दाखवलं. रजेवर गेलेल्या एका पोराच्या जागी, हेडफोन मानेत अडकवून फेलिसितास ग्वांको बसली होती. वय बावन्न, ऑफिसात सगळ्यात थोरली. तिला स्वतःची टीम नव्हती. ज्या टीममध्ये माणूस कमी पडेल तिथे ती जायची.

पाच उरल्या.

विमानवाल्यांकडे त्यानं विचारलं, "नानाय फे?"

"आमची नानाय! आज बंबात गेलीय. ती बघा, हात हलवतेय."

फेलिसितास खरंच हात हलवत होती.

"आणि लोला चितांग?" त्यानं टेलिफोनवाल्यांना विचारलं. एव्हाना आवाज जरा बसला होता.

"सर, तुम्ही इतकी वर्षं इथे आहात ना?" एक पोरगा दुसऱ्याकडे बघत म्हणाला. "फेलिसितास. आम्ही लोला म्हणतो. चिडत नाही बिचारी."

हॉटेलवाल्यांची मॉमी सितास तीच. विमावाल्यांची मानांग फेली तीच. औषधवाल्यांनी फेफे कोण हे सांगायच्या आधीच सान्ती मागे वळला होता. जाताना सहा होत्या. आपल्या खुर्चीशी परत येईतो एक राहिली. त्या एकीनं दर खेपेला, ज्या टीममध्ये बसली असेल त्या टीमनं ठेवलेल्या नावानं सही केली होती, आणि बारा शुक्रवार सान्तीचं नाव लिहिलं होतं.

त्यानं ती सहा नावं यादीत घालून पाहिली. फेलिसितास ग्वांको: सत्तावीस. ऑफिसात सगळ्यात जास्त. क्रिसान्तो नावारेस: एक.

काढून पाहिली. क्रिसान्तो नावारेस: सहा. फेलिसितास ग्वांको: शून्य. कारण त्या ओळखपत्रावरच्या नावानं तिला कुणी हाकच मारत नव्हतं.

तो बराच वेळ घालून-काढून बघत होता. आकडे दर वेळी तेच येत होते. आकड्यांची हीच गोष्ट त्याला एरवी आवडायची.

तिसरा मार्गही होता, आणि तो सुचणार नाही इतका सान्ती कच्चा नव्हता. मदत करणाऱ्यांच्या रकान्याला सहा नावं लावायची आणि मदत घेणाऱ्यांच्या रकान्याला लावायची नाहीत. ती सत्तावीस, आपण सहा, दोघं सुखरूप. त्यानं तेही करून पाहिलं. पण मग एकाऐवजी दोन याद्या होणार, आणि दोन याद्यांमध्ये नेमकी हीच सहा नावं वेगळी दिसणार. उद्या मनिलाच्या कुणी उघडून बघितलं तर? एका बाईची सहा नावं राहून गेली, तर त्याला विसरणं म्हणतात. इथे लावली आणि तिथे गाळली, तर त्याला दुसरं काहीतरी म्हणतात. सान्ती प्रामाणिक माणूस होता. त्यानं विसरायचं ठरवलं.

"तोतो, खाल्लंस का काही?"

मागे फेलिसितास उभी. तोतो म्हणजे बाळा. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला तोतो म्हणणारी ती ऑफिसात एकटीच. तिनं टेबलावर इबोस ठेवला, नारळाच्या कोवळ्या पानात गुंडाळलेला चिकट भात. सान्तीनं स्क्रीनवरचा तक्ता घाईनं मिटला.

"आज काय सगळीकडे माझं नाव विचारत फिरत होतास म्हणे? पोरं चिडवतायत मला. म्हणतात, लोला, सरांची बायको कुवेतला असते हं."

"कामासाठी, मानांग."

"ते कळतं रे मला." ती हसली. "बरं झालं भेटलास. तो फॉर्म, ते काढून टाकायचं त्याच्यावरून ठरणार अशी कुजबुज आहे. खरं का? मी प्रत्येक ठिकाणी वेगळी सही केलीय. जे हाक मारतात तेच लिहिलं. मॅमनीच सांगितलं होतं घरातलं लिहा म्हणून. त्यानं काही घोटाळा नाही ना होणार? घरी भाऊ आहे माझा, अंथरुणावर. माझ्या एकटीवर चाललंय सगळं."

"कॉम्प्युटरला सगळं कळतं, मानांग."

"हो?"

"हो."

"मग बरं. तू आहेस म्हटल्यावर मला काळजी नाही." तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बंबवाल्यांकडे परत गेली.

सान्तीनं इबोस सोलून खाल्ला. भात मऊ होता, त्यावर साखर बेताची होती. मग त्यानं फाइल जतन केली. ओळख न पटलेली नावं नियमाप्रमाणे शेवटच्या पानावर गेली. शेवटचं पान आजवर कुणी उघडल्याचं ऐकिवात नाही.

गुरुवारी मॅम ओडेटनी आकडे पाहिले.

"एकोणीस. छान, सुटसुटीत आहे." मग त्यांचं बोट थांबलं. "फेलिसितास? शून्य?"

सान्तीनं होकारार्थी मान हलवली.

"मला वाटायचं ती सगळ्यांची लाडकी आहे." मॅमनी सुस्कारा सोडला. "बघा, माणूस डोळ्यांनी किती फसतो. डेटा बघितला की डोळे उघडतात. आणि फॉर्म किती जणांनी भरला?"

"वेगवेगळी नावं एकशे तेवीस."

"आणि आपण आहोत किती?"

"एकशे अठरा."

मॅमनी मोबाइलवर भागाकार केला. त्यांचा चेहरा उजळला. "एकशे चार टक्के! सान्ती, सेबूच्या ऑफिसला एक्क्याण्णवच आले होते!"

मनिलाहून त्याबद्दल अभिनंदनाचं पत्र आलं. ते फुलाफुलांच्या अक्षरांखाली चिकटवलं गेलं.

एकोणीस जणांची नावं लागली तेव्हा थोडी खळबळ झाली, पण ती फेलिसितासपाशीच येऊन अडखळली. विमानवाले म्हणाले, आम्ही तर लिहिलं होतं नानायला, चौघांनी. टेलिफोनवाले म्हणाले, आम्ही पण लिहिलं होतं, बाकीच्यांनी टांग दिली असणार. हॉटेलवाल्यांनी विमावाल्यांकडे पाहिलं, विमावाल्यांनी औषधवाल्यांकडे. प्रत्येक टीमला आपण नेक असल्याचं समाधान मिळालं आणि शेजारच्यांचा खरा स्वभाव कळला. सहा टीम महिनाभर एकमेकांशी धड बोलत नव्हत्या. आकड्यांबद्दल कुणी काही विचारलं नाही. कारण आकडे सर सान्तीचे होते, आणि विचारलं तर तो मंगळवारची सूचना वाचायला लावणार.

निघून जाणाऱ्यानं मागे राहणाऱ्यांना खाऊ घालायचं, ही तिथली रीत. नोकरी आपण सोडली की नोकरीनं आपल्याला सोडलं, यानं रीत बदलत नाही. बाकीच्या अठरा जणांनी कसंबसं वर्गणी काढून भागवलं. फेलिसितासनं मात्र शेवटच्या शुक्रवारी दोन मोठ्या पराती भरून पान्सित आणला. शेवया, कोलंबी, वर लिंबाच्या फोडी. पहाटे उठून केला होता. पोरं रडत रडत दुसऱ्यांदा वाढून घेत होती.

ती आपली ताटली घेऊन सान्तीच्या टेबलाशी आली.

"घे. तू घ्यायला उठणार नाहीस, माहितीय मला."

त्यानं घेतली.

"एक विचारू, तोतो? मला किती मिळाले होते रे?"

सान्तीनं काटा शेवयांमध्ये फिरवला. "शून्य."

"एकही नाही?"

"डेटा आहे, मानांग. मी काय करणार."

फेलिसितासनं वळून हॉलकडे पाहिलं. पाच-सहा पोरं परातीभोवती होती. लोला, अजून लिंबू आहे का, म्हणून कुणीतरी ओरडलं. तिनं पिशवीतून लिंबू काढून भिरकावलं. ते बरोबर झेललं गेलं.

"खातायत तरी पोटभर," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "तुझं वाचलं, तेवढं बरं झालं. तुझीच काळजी होती मला. पहिल्याच शुक्रवारी त्या बंबातल्या पोरी हसत होत्या, म्हणे सर सान्तीचं नाव कोण लिहिणार. मला वाईट वाटलं. म्हटलं, आपण लिहू. एक नाव टाकायला काय जातं? तू मला काही शिकवलंस-बिकवलंस असं नाही हं. एकदा विचारलं होतं, तेव्हा मंगळवारचं काहीतरी वाच म्हणालास." ती हसली. "पण माझ्याशिवाय आणखीही कुणी लिहिलं असणार, पाच लागत होते ना. म्हणजे आहेत तुझी माणसं. उगीच घाबरत होते मी."

"आहेत," सान्ती म्हणाला.

"त्यांना धरून राहा बाबा."

तिनं त्याची रिकामी ताटली उचलली, पुसली आणि पिशवीत टाकली.

तीन महिन्यांनी मनिलाहून पुन्हा हुकूम आला. या खेपेला फॉर्म त्यांनीच बनवला होता. नाव लिहायचं नव्हतं, ओळखपत्रावरच्या नावांच्या यादीतून निवडायचं होतं. मोजणीही तिकडेच होत होती. इकडे फक्त छापील तक्ता आला, आणि तो घेऊन मॅम ओडेटनी त्याला काचेच्या खोलीत बोलावलं. दार लावलं. टिश्यूचा खोका पुढे सरकवला.

"बसा, सान्ती. तुम्ही तर मला मुलासारखे."

सान्ती मॅमपेक्षा चार वर्षांनी मोठा होता. तो बसला.

"कोण कुठं आहे ते तुम्हीच बघा. तुम्हाला समजतं त्यातलं."

त्यानं बघितलं. क्रिसान्तो नावारेस: १.

त्याची नजर त्या एकावरच राहिली. काचेपलीकडे हॉल दिसत होता. कुणी फोनवर हसत होतं, कुणी डबा उघडत होतं. ती बसायला जागा करून देणारी मुलगी असेल? का लोला म्हणणारा तो पोरगा? जोनालिन? जोनालिन नसणार. पण कुणीतरी होतं. एवढ्या माणसांत एकानं त्या लांबलचक यादीतून त्याचं नाव शोधून, त्यावर बोट ठेवलं होतं. सान्तीच्या छातीत काहीतरी ऊबदार हललं. आपण उठून जावं, विचारावं, त्या माणसाला निदान कॉफी पाजावी, असं त्याला वाटलं. असं वाटण्याची सवय नसल्यामुळे तो जरा गोंधळलासुद्धा.

"यादी नीट बघितलीत?" मॅम म्हणाल्या. त्यांचा स्वर भरून आला होता. "अकरा जण जातायत. पण कुणालाही शून्य नाही, सान्ती. एकालाही नाही. प्रत्येकाला निदान एक तरी आहेच. मी मनिलाला हेच लिहिणार आहे. याला म्हणतात कुटुंब."

सान्तीनं तक्ता पुन्हा वरून खालपर्यंत वाचला. एक, एक, तीन, एक. दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून बोटीवर गेलेल्या रेनाल्दोचं नाव अजून यादीत होतं. त्यालाही एक होता. यादीत चुकून राहिलेलं एक नाव तर कुण्या माणसाचं नव्हतंच. हॉलमधल्या छपाईयंत्राला दिलेलं होतं. त्यालाही एक.

"कोण असेल हो तुमचा तो एक?" मॅमनी हळुवार विचारलं.

मनिलाच्या माणसाला रिकाम्या खुर्चीबद्दल समजावणारं कुणी भेटलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. सान्तीला दोन वाक्यांत समजावता आलं असतं. त्यानं तक्ता उलटा करून टेबलावर ठेवला.

"असेल कुणीतरी," तो म्हणाला.

"आहेच ना!" मॅमनी त्याचा हात थोपटला आणि वही ओढली. "बरं, शुक्रवारचा पान्सित तुमच्याकडून. दुकानाला आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर आयत्या वेळी गोंधळ होतो. किती माणसांचा सांगू?"

सान्तीनं काचेतून हॉलकडे पाहिलं आणि मोजायला सुरुवात केली.